पडद्याबाहेरचे गाणे



या व्याख्यानमालेचे निमंत्रण देताना विषयाची निवड व्यवस्थापक मंडळाने माझ्यावर सोपविली, आणि ती सोपविताना त्यांच्या मनात बहुधा एखादा भारदस्त विषय असावा. सुरतेच्या पहिल्या स्वारीस निघालेल्या शिवरायांच्या स्वागताची आठवण ज्या गावाने शिरपामाळावर जपून ठेविली, ज्या गावाने मुकणे घराण्याचा सहाशे वर्षांचा अंमल पाहिला आणि १९४८ साली संस्थानाचे विलीनीकरणही पाहिले, त्या जव्हारला येऊन कोणी सिनेमाच्या गाण्यावर तासभर बोलत राहावे, हे औचित्यास काहीसे सोडून आहे, हे मला कळते. तथापि ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहो, त्यांना गाण्याचे वावडे नव्हते, असे त्यांच्या विद्यार्थ्यांनीच मला सांगितले आहे. आणि सिनेमाचे गाणे ही गेल्या पाऊणशे वर्षांत आपल्या लोकांच्या मनावर राज्य करणारी अशी एक सत्ता आहे की, तिच्या दफ्तराची तपासणी इतिहासाच्या अभ्यासकाने आज ना उद्या करावीच लागणार आहे.

माझा प्रश्न साधा आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर पाच-सहा वर्षांच्या अंतराने दोन शहरांत दोन गाणी चित्रपटांसाठी जन्मास आली, एक पॅरिसमध्ये आणि एक मुंबईत. पहिल्याचा चित्रपट साफ कोसळला. दुसऱ्याचा चित्रपट असा चालला की त्याच्या नायकास लोकांनी डोक्यावर घेतले. पहिले गाणे आज जगातील जॅझ वाजविणाऱ्या प्रत्येकाच्या बोटांत आहे, आणि ते दर रात्री कोठे ना कोठे नव्याने घडत असते. दुसरे गाणे आपण सर्व जण ओळखतो, त्यावर नाचतो, पण ते ऐकतो मात्र १९५१ साली ध्वनिमुद्रित झाले तसेच, त्याच आवाजांत, तेवढ्याच मिनिटांत. असे का व्हावे?

पॅरिसचे गाणे आधी घेतो. त्याचा संगीतकार जोसेफ कोस्मा हा बुडापेस्टला जन्मलेला ज्यू; १९३३ साली तो फ्रान्समध्ये आला, आणि जर्मनांचा अंमल बसल्यावर त्याला काम करण्याचीच मनाई झाली. त्या काळात मार्सेल कार्ने या दिग्दर्शकाच्या चित्रपटासाठी त्याने संगीत केले ते चोरून, दुसऱ्याच्या नावाआड राहून. नावाशिवाय काम करण्याची ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. मुंबईत ती पुन्हा भेटणार आहे, आणि तेथे तिला युद्धाचे निमित्तही लागले नाही. युद्ध संपल्यावर १९४५ साली रोलाँ पती या नर्तकाच्या एका बॅलेसाठी कोस्माने एक स्वरावली रचली. तीच पुढे कार्नेच्या १९४६ सालच्या ‘ले पोर्त द ला न्वी’ या चित्रपटात आली, आणि झाक प्रेव्हेर या कवीने तिला शब्द दिले. गाण्याचे नाव ‘ले फय मॉर्त’, म्हणजे गळून पडलेली पाने. या चित्रपटात मार्लेन डिट्रिश आणि झाँ गाबँ अशी जोडी यावयाची होती; दोघांनीही अंग काढून घेतले आणि ईव्ह मोन्ताँ हा तेव्हाचा नवखा तरुण त्यात आला. चित्रपट लोकांना रुचला नाही. गाणेही त्यात ठसठशीतपणे, नायकनायिकांनी समोरासमोर उभे राहून, असे येत नाही. ते गुणगुणले जाते, मागून ऐकू येते, निघून जाते. आपल्याकडील निर्मात्याने तर एवढ्या चांगल्या चालीची अशी नासाडी केल्याबद्दल दिग्दर्शकास कामावरून काढले असते.

पण हीच नासाडी त्या गाण्याच्या पथ्यावर पडली, असे माझे मत आहे. कोणत्याही एका चेहऱ्याशी आणि कोणत्याही एका प्रसंगाशी त्याचे लग्न लागले नाही. मोन्ताँने ते पुढे रंगमंचावर गायिले, ज्युलिएत ग्रेकोने गायिले. जॉनी मर्सर या अमेरिकन गीतकाराने त्याला इंग्रजी शब्द दिले. १९५५ साली रॉजर विल्यम्स या पियानोवादकाने केवळ वाद्यावर वाजविलेली त्याची तबकडी अमेरिकेत विक्रीच्या अग्रस्थानी जाऊन बसली. आणि १९५८ च्या मार्च महिन्यात कॅननबॉल ॲडर्ली या सॅक्सोफोनवादकाने माइल्स डेव्हिस या ट्रम्पेटवादकास बरोबर घेऊन ते ध्वनिमुद्रित केले, ते जवळजवळ अकरा मिनिटांचे. अकरा मिनिटे! दहा वर्षांपूर्वी हे घडणे अशक्य होते. कारण जुन्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांहून अधिक काही मावत नसे. १९४८ साली लांब वेळाची तबकडी आली, आणि वादकाला विचार करावयास जागा मिळाली. १९५९ साली बिल एव्हन्स या पियानोवादकाने ते पुन्हा वाजविले, आणि ॲडर्लीच्या वादनाशी त्याचे साम्य शोधावयास प्रयास पडावेत इतके ते निराळे वाजविले.

आता येथे जॅझवाले गाण्याचे नेमके काय करतात, हे सांगितले पाहिजे; आणि ते सांगण्यासाठी मला पॅरिसला अगर न्यूयॉर्कला जाण्याचे कारण नाही, कारण आपल्या तालुक्यातील तारपकरी तेच करीत आला आहे. वाळविलेल्या भोपळ्यात फुंक भरून, बांबूच्या दोन नळ्यांवर बोटे फिरवीत, खाली ताडाच्या पानांचा लांब कर्णा झुलवीत, श्वास न तोडता तो वाजवीत राहतो. त्याच्याभोवती कमरेत हात गुंफून नाचणाऱ्यांची साखळी फिरते आणि तारप्याकडे पाठ म्हणून करीत नाही. चाल सर्वांना ठाऊक असते. पण ती किती वेळ घोळवावी, कोणत्या स्वरावर रेंगाळावे, कधी मोडून दुसरी धरावी, हे तारपकऱ्याच्या मर्जीचे असते, आणि चाल बदलली की पावले बदलतात. वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांच्या वयाचे आणि घराण्याच्या परंपरेचे कौतुक केले, ते योग्यच होते. परंतु त्यांच्या वादनात प्रत्येक वेळी काय नवे असते, हे कोणी फारसे विचारले नाही. जॅझमध्ये ‘स्टँडर्ड’ म्हणून जे गाणे मानतात ते असे सामायिक मालमत्तेचे गाणे असते: चाल सर्वांची, आणि तिच्यावर त्या रात्री जे घडेल ते वाजविणाऱ्याचे.

एक भेद मात्र आहे, आणि तो पुढच्या विवेचनास आवश्यक आहे. तारप्याला एका स्वराच्या आधारावर फिरावयाचे असते. जॅझवाल्याला स्वरसंघांच्या, म्हणजे त्यांच्या भाषेत कॉर्डच्या, एका ठरीव फेऱ्यातून जावे लागते. कोस्माच्या गाण्याची बत्तीस मात्राखंडांची बांधणी अशी आहे की, एक स्वरसंघ पुढच्यास आपणहून हाक मारतो, तो त्याच्या पुढच्यास, आणि फेरा पुरा होऊन पुन्हा मूळ ठिकाणी येतो. चाल काढून टाकली तरी हा फेरा उरतो. एकमेकांचे तोंडही न पाहिलेले चार वादक एकत्र आले, त्यांनी गाण्याचे नाव घेतले आणि पट्टी ठरविली, की तालमीवाचून ते या फेऱ्यावर अर्धा तास बोलू शकतात. शिकाऊ वादकांना आरंभीच हे गाणे देतात, ते याचमुळे.

आता मुंबईकडे वळतो.

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १९१८ सालचा, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांब्याचा. शास्त्रोक्त गाण्याचे शिक्षण घेतलेला हा ब्राह्मण तरुण सिनेमात आला तो नट होण्यासाठी. नट म्हणून तो पडला आणि पेटीवर बसला, ही महाराष्ट्रावर दैवाने केलेली मोठीच कृपा होय. सी. रामचंद्र या नावाने त्यांनी संगीत दिले आणि चितळकर या नावाने ते गायिले. १९४७ च्या ‘शहनाई’मध्ये त्यांनी इंग्रजी वळणाच्या चालीची चुणूक दाखविली तेव्हा अनेक जाणकारांनी नाके मुरडली. १९५० च्या ‘समाधि’मधील ‘गोरे गोरे’ या गाण्याचा मुखडा तर त्यांनी सरळ उचललेला होता: १९४५ च्या ‘डॉल फेस’ या अमेरिकन चित्रपटात कारमेन मिरांडा या नटीने गायिलेल्या एका गाण्यावरून. गंमत अशी की, त्या मूळ गाण्याचा संगीतकार जिमी मॅकह्यू हा अमेरिकेत जॅझचे स्टँडर्ड म्हणून रूढ झालेल्या कित्येक गाण्यांचा जनक होता. म्हणजे माल योग्य पेढीवरूनच आला होता. लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी यांच्या तोंडी तो इतका देशी झाला की, त्याच्या मूळ मालकाची आठवण कोणास राहिली नाही. उचलेगिरीचे समर्थन मी करीत नाही. परंतु परक्या चालीचे इतके पुरते गोत्रांतर करणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे, एवढे म्हणावयास हरकत नसावी.

हे गोत्रांतर चितळकरांना एकट्याने करता आले नसते. त्यांना हाताशी जी माणसे मिळाली ती गोव्याची. पोर्तुगीज अमलात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचावयास, व्हायोलिन धरावयास शिकवीत. भक्तिसंगीतासाठी दिलेली ही विद्या पोटाच्या प्रश्नावर उपयोगी पडली: गोव्यातून बोटीने मुंबईस उतरलेला, धोबीतलावाच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक वसतिगृहात, पथारी टाकणारा मुलगा कागदावरील काळे ठिपके पाहून वाजवू शकत असे, आणि हे कसब मुंबईत दुसऱ्या फारशा कोणाजवळ नव्हते. १९३५ साली लिओन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकनाचे वाद्यपथक ताजमहाल हॉटेलात आले. पुढे टेडी वेदरफोर्ड हा पियानोवादक आला. आणि या पथकांच्या सहवासात गोव्याच्या पोरांनी जॅझ असे आत्मसात केले की थोड्याच वर्षांत ताजचे नाचघर त्यांनीच चालविले. त्यांतील सर्वांत नामांकित हळदोण्याचा अंतोनियो शावियेर वाझ. लोक त्याला चिक चॉकलेट म्हणत, आणि तो हुबेहूब लुई आर्मस्ट्राँगच्या ढंगाने ट्रम्पेट फुंकीत असे. मग १९५० साली मुंबई सरकारने संपूर्ण दारूबंदी अमलात आणली. दारूबंदीच्या नैतिक गुणावगुणांची चर्चा येथे अप्रस्तुत आहे; परंतु हॉटेलांतील नाचगाण्याची मिळकत तिने पातळ केली, आणि सिनेमाच्या स्टुडिओंत वाद्यवृंद वाढत होते, तिकडे हे वादक अधिकाधिक वळले, एवढे खरे. दादर-ताडदेवच्या स्टुडिओंत सकाळी रेकॉर्डिंग आणि रात्री हॉटेल, असा त्यांचा दिनक्रम झाला.

‘अलबेला’ हा १९५१ चा. त्याचे नायक, निर्माते आणि दिग्दर्शक भगवान आभाजी पालव, म्हणजे आपले भगवानदादा, गिरणीकामगाराच्या पोटी जन्मलेले, अंगाने बोजड आणि पावलाने हलके. त्यांच्यासाठी चितळकरांनी जे ‘शोला जो भडके’ रचले, तेच माझे दुसरे गाणे; त्याचे शब्द राजेंद्रकृष्णांचे आणि आवाज लताबाई व स्वतः चितळकर यांचे. पण बोंगोच्या ठेक्यावर क्लॅरिनेट, सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट यांनी मधल्या जागा अशा भरल्या आहेत की, गाणारे थांबल्यावर गाणे थांबले असे वाटतच नाही. चिक चॉकलेट या काळात चितळकरांचा असिस्टंट होता, आणि ‘अलबेला’त तो आपल्या पथकासह पडद्यावरही दिसतो. एवढा मान त्या काळच्या फार थोड्या वादकांना मिळाला. सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस या अरेंजरांची, म्हणजे वाद्यरचनाकारांची, नावे आज अभ्यासक घेतात. त्या काळी तबकडीच्या कागदी चकतीवर संगीतकाराचे नाव असे, गायकाचे असे, चित्रपटाचे असे, आणि ज्याने रात्र जागून साठ वादकांच्या पानांवर स्वर उतरविले त्याचे नसे. गोन्साल्विसांचे नाव अखेर घराघरांत पोचले, ते १९७७ च्या एका विनोदी गाण्यातून, त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्या गुरुभक्तीमुळे. आणि ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना तो खरा माणूस आहे याची दादही नव्हती.

चितळकरांनी ही वाट पुढेही सोडली नाही. १९५७ च्या ‘आशा’तील ‘ईना मीना डीका’ हे गाणे किशोरकुमार आणि आशा भोसले यांनी निरनिराळे गायिले आहे. त्याच्या निरर्थक शब्दांविषयी असे सांगतात की, बाहेर खेळणाऱ्या मुलांची गणना संगीतकाराच्या खोलीत ऐकू आली, ती पकडून चाल सुरू झाली, आणि जॉन गोम्स या गोमंतकीय साहाय्यकाने तिला ‘मला नको’ या अर्थाचे कोकणी शब्द जोडून दिले. आख्यायिका म्हणून ती रम्य आहे. आणि तिच्यात एका गोवेकराला निदान दोन शब्दांचे श्रेय मिळते, हेही नसे थोडके.

आता मूळ प्रश्न. वादक होते, कसब होते, चाल होती, लोकप्रियता तर अलोट होती. मग ‘शोला’ अगर ‘ईना मीना’ यांचे मुंबईच्या जॅझवाल्यांनी स्टँडर्ड का केले नाही?

कायदा आडवा आला, असे कोणी म्हणेल. अमेरिकेत १९०९ च्या कायद्याने अशी सोय केली की, गाणे एकदा तबकडीवर आले की दर प्रतीस दोन सेंट मोबदला भरून ते कोणीही आपल्या पद्धतीने ध्वनिमुद्रित करावे, मालकाने नाही म्हणू नये. या एका तरतुदीने जॅझची निम्मी इमारत उभी केली. पण आपल्या १९५७ च्या कायद्यातही आगाऊ सूचना देऊन आणि मोबदला भरून नवी तबकडी काढण्याची मुभा होतीच. तिचा खरा उपयोग झाला तो १९८०च्या दशकात, कॅसेटवाल्यांकडून. आणि काय उपयोग झाला? रफींसारखे कोण गाते, मुकेशसारखे कोण गाते, याची भरती! गाणे नव्याने गाण्याची परवानगी असताना आपण ती जुन्याची नक्कल करण्यासाठी वापरली. तेव्हा दोष कायद्याच्या माथी मारता येत नाही.

दुसरे कारण बांधणीचे, आणि ते अधिक सबळ. आपल्या संगीतकाराची प्रतिभा एकेरी स्वररेषेत वाहते. पेटीवर चाल सुचते, आणि स्वरसंघ तिला मागाहून, अरेंजरच्या हातून, दागिन्यासारखे घातले जातात. दागिने काढले तरी चाल उभी राहते. परंतु चाल काढली तर मागे फेरा उरत नाही. जॅझवाल्याला नेमका तो फेरा हवा असतो. तथापि यालाही मी निर्णायक मानीत नाही. ‘शोला’ आणि ‘ईना मीना’ यांत फेरा आहे, चांगला ठसठशीत आहे; आणि जेथे नसेल तेथे तो बसविण्याची विद्या त्या गोवेकर अरेंजरांच्या हातचा मळ होती.

माझ्या मते खरे कारण आपल्या ऐकण्यात आहे. आपले गाणे तबकडीतून आणि नभोवाणीतून आले, आणि ते ज्या रूपात आले त्या रूपासच आपण गाणे समजलो. यात एका विद्वान महाराष्ट्रीय गृहस्थाचाही हात आहे. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ साली केंद्रात नभोवाणीचे मंत्री झाले, आणि सिनेसंगीताने जनतेची अभिरुची बिघडते अशी त्यांची प्रामाणिक समजूत असल्यामुळे आकाशवाणीवरून ती गाणी हद्दपार झाली. परिणाम असा झाला की, लोक रेडिओ सिलोनकडे वळले. अमीन सायानींच्या ‘बिनाका गीतमाले’त बुधवारी रात्री तीच तबकडी, तोच आवाज, वरच्या पायरीवर की खालच्या, एवढाच प्रश्न राहिला. १९५७ साली विविधभारती सुरू झाली तोवर सवय पक्की होऊन चुकली होती. केसकरांना शास्त्रीय संगीत वाचवावयाचे होते. त्यांच्या हुकुमाने सिनेमाच्या तबकडीला मात्र देवत्व प्राप्त झाले. सरकारी जाहीरनाम्याने अभिरुची घडत नसते, असे म्हणतात, बिघडतही नाही. पण ती थिजू शकते, असे मला वाटते.

त्यातच रात्रीचे हॉटेल आणि सकाळचा स्टुडिओ यांच्यामध्ये एक अदृश्य भिंत होती. ताजमध्ये जेवावयास येणाऱ्या साहेबास आणि साहेबी हिंदी गृहस्थास अमेरिकेतील गाणे हवे असे. भगवानदादांचे गाणे ही त्याच्या दृष्टीने चाळीतील करमणूक होती. उलट पक्षी चाळीतील श्रोत्याला ट्रम्पेट लताबाईंच्या ओळींच्या मध्ये चालत असे, त्यांच्या जागी चालत नसे. एकाच माणसाची बोटे दोन्हीकडे चालत असताना दोन्हीकडचे गाणे एकमेकांस भेटू नये, हा आपल्या समाजरचनेचा चमत्कार होय. १९६८ साली शंकर-जयकिशन यांनी जॅझचा एक संग्रह काढला, रईस खान यांची सतार घेऊन. त्यात त्यांनी काय वाजविले? राग! आपल्याच शेकडो चाली हाताशी असताना त्यांना प्रतिष्ठेसाठी तोडी आणि भैरवाकडे जावे लागले. १९७८ साली निरंजन झवेरी यांनी मुंबईत ‘जॅझ यात्रा’ सुरू केली तेव्हाही परदेशी पाहुण्यांपुढे आपले वेगळेपण दाखविण्याचा राजमार्ग रागाचाच ठरला.

एक अपवाद आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. मडगावचे ख्रिस पेरी आणि गायिका लोर्ना कोर्देरो यांनी १९७०च्या आसपास जी कोकणी गाणी केली, त्यांत चाल आणि स्वरसंघ एकदमच जन्मलेले आहेत, कारण रचणारा स्वतः ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजविणारा होता. मधला अरेंजर नावाचा अनामिक तेथे नाही. २०१४ साली बार्द्रॉय बार्रेतो यांनी ‘नाचूं-या कुंपासार’ हा चित्रपट काढला, तो अशी जुनी गाणी नव्याने वाजवून आणि गाऊन घेऊनच. त्याला कोकणीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेथे गाणे आधी आणि चित्रपट मागाहून, असा उलटा प्रवास झाला. पण मूळ आवाज जिवंत आणि प्रिय असताना दुसऱ्या तोंडून ते गाणे ऐकावयास लोक थिएटरांत गेले, ही गोष्ट मुंबईच्या हिंदी गाण्याच्या बाबतीत क्वचितच घडली आहे.

आणि हे सगळे म्हटल्यावर एक कबुली तुमच्यातील तरुण मंडळी माझ्याकडून वसूल करतील, ती आधीच देऊन टाकतो. ‘शोला’ अगदीच कोंडले गेले, असे नाही. भगवानदादांचा पैसा गेला, बंगला गेला, गाड्या गेल्या, आणि ते दादरच्या चाळीत येऊन राहिले. २००२ साली तेथेच वारले. पण त्यांचे ते अर्धवट उचललेल्या हातांचे, मान हलवीत पुढे सरकण्याचे नृत्य गणपतीच्या मिरवणुकीत शिरले आणि सर्वांचे झाले. आज नाचणाऱ्या पोराला ते कोणाचे हे ठाऊकही नसते. मिरवणुकीतला आणि लग्नातला बँडवाला सिनेमाचे गाणे घेतो तेव्हा गायकाचा आवाज त्याच्याजवळ नसतोच. कर्नेट आणि क्लॅरिनेटवर मुखडा वाजवावा लागतो, वरात पुढे सरकली नाही तर तो दहादा घोळवावा लागतो, नाचणारा पेटला तर लय चढवावी लागते, आणि अंतरा विसरला तर दुसऱ्याच गाण्याचा जोडावा लागतो. तालेवार रसिक याला बेसूर म्हणून कानावर हात ठेवतो. मला मात्र येथे कोस्माच्या गाण्याला न्यूयॉर्कमध्ये जी मोकळीक मिळाली तिचे बीज दिसते. उणीव आहे ती वादकाच्या धिटाईची नव्हे, तर मुखड्यापलीकडे काही ऐकण्याची तयारी असलेल्या श्रोत्याची. बँडवाल्याला आपण पैसे देतो ते गाणे ओळखू आले म्हणून.

पैशांचा विषय निघालाच आहे, तर त्याचा हिशेबही मांडून ठेवतो. कोस्माच्या गाण्याची प्रत्येक नवी तबकडी त्याच्या हक्काचा मोबदला घेऊन येत राहिली. आपल्याकडे १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी करविलेल्या संगीताचा पहिला मालक, निराळा करार नसेल तर, निर्माता होय. तेव्हा चितळकर हयात होते; ते १९८२ साली वारले. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकाराला आणि संगीतकाराला स्वामित्वधनाचा वाटा निर्मात्यास कायमचा लिहून देता येणार नाही, असे ठरले, ही उशिरा का होईना न्यायाची गोष्ट झाली. या दुरुस्तीत अरेंजर नाही. ‘शोला’च्या मधल्या जागांतील ट्रम्पेटची ओळ कोणी रचली, चितळकरांनी पेटीवर की चिकने ट्रम्पेटवर, हे ठरविण्यास आज मूळ कागद हवेत, आणि हजारो गाण्यांचे असे हाताने लिहिलेले कागद रेकॉर्डिंग संपल्यावर कोणी जपले नाहीत, ते रद्दीत गेले. पुढच्या अभ्यासकाला आता कानानेच काम करावे लागेल, आणि ते काम एखाद्या स्वरलिपी येणाऱ्या तरुणाने अंगावर घेतले तर त्याला आयुष्यभर पुरेल.